मणक्याचं ऑपरेशन, आणि त्याच्या आधीचे सहा आठवडे

नागपूरला मानेवाडा रोडवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वीस लिटरची रंगाची बादली, पुट्टीचं चाळीस किलोचं पोतं, हे बावीस वर्षं रोज उचललं. वय एकोणपन्नास. दोन वर्षांपासून असं व्हायला लागलं की दोनशे-अडीचशे पावलं चाललो की दोन्ही पाय जड, डाव्या पोटरीत आग, मग कुठंतरी बसायचं, दोन मिनिटांत बरं वाटायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा तेच. गाडीवर बसलो की काहीच नाही. म्हणून मी गाडीवरच फिरत राहिलो आणि घरी कोणाला फार सांगितलं नाही. मुलीला घेऊन सक्करदऱ्याला गेलो होतो तेव्हा परत येताना चार वेळा बसलो, तिनंच आईला जाऊन सांगितलं, मग एमआरआय झाला. कंबरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय आणि नसांची जागा अरुंद झालीय, असं निघालं. गोळ्या झाल्या, फिजिओ झाली, पाठीतलं इंजेक्शनही झालं, त्यानं तीन महिने बरे गेले. शेवटी ऑपरेशनच.

हे लिहायचं कारण असं की आमच्या घरी मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की काकांचं ऑपरेशन आठवतं. ते २००५ मध्ये झालं होतं. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, ऑपरेशननंतर दहा दिवस पाठीवर, लघवीची नळी आठवडाभर, आणि घरी आणल्यावर दीड महिना कोणी उठू दिलं नाही. त्यांचे पाय काड्या झाले होते, ते मी स्वतः पाह्यलंय. मी मनात तेच धरून धंतोलीतल्या सर्जनकडे गेलो होतो. आणि त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला त्या दिवशी पटलंच नाही.

सर म्हणाले ऑपरेशन अडीच-तीन तासांचं आहे, ते आमचं काम. पण तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी उभे राहणार, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाणार, आणि त्यासाठी आजपासून तयारी करायची. तारीख त्यांनी लगेच दिली नाही. आधी विचारलं, खर्रा किती खाता?

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात तो. मी दिवसाला सहा-सात खायचो, दुकान उघडल्यापासून. सर म्हणाले दोन मणके एकमेकांना जोडायचेत, स्क्रू आणि पिंजरा लावून मी फक्त त्यांना जागेवर धरून ठेवणार, जोडायचं काम हाडाला स्वतःच करायचंय, आणि निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पोचतं, जोड धरत नाही. निदान चार आठवडे पूर्ण बंद, शक्यतो सहा, आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंदच. निकोटिनची च्युइंगगम पण नको म्हणाले, त्यातही निकोटिनच आहे. ऑपरेशनआधी लघवीची टेस्ट होईल, त्यात कळतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोडला. पहिले पाच-सहा दिवस फार वाईट गेले, मी दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडलो, बायकोवर ओरडलो, झोप नाही, तोंडाला काहीतरी पाह्यजे म्हणून बडीशेप आणि भाजलेली जवस घेऊन बसायचो. शेजारच्या पानठेल्यावाल्या भाऊला मी हात जोडून सांगितलं की मी मागितला तरी देऊ नको. त्यानं खरंच दिला नाही, एकदा मी मागायला गेलो तर त्यानं चहा पाजून परत पाठवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, त्याचा तो धंदा आहे.

दुसरं निघालं रक्त. हिमोग्लोबिन ११.४. पुरुषाला १३ च्या वर पाह्यजे म्हणे. जुनी मूळव्याध होती, तिकडून थोडं थोडं जात असणार, मी कधी लक्षच दिलं नाही. त्याचा वेगळा इलाज सुरू केला आणि सलाईनमधून लोहाचं औषध दोनदा दिलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात १२.८ झालं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावलं की कमी रक्त घेऊन टेबलावर गेलं तर बाटली चढवायची वेळ लवकर येते आणि नंतर उठून चालायला ताकद राहत नाही.

या सगळ्या पद्धतीला ते लोक इरास (ERAS) म्हणतात, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटला लवकर बरं करायची पद्धत. माझ्या मुलानं इंटरनेटवर वाचून सांगितलं की डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट नावाचे सर्जन आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनांपासून ही सुरुवात केली. उपाशी ठेवणं, नळ्या घालून ठेवणं, झोपवून ठेवणं यातलं काय खरंच गरजेचं आहे आणि काय नुसतं चालत आलंय हे एकेक करून तपासलं. मग २००१ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांचा गट झाला, आणि कंबरेचे मणके जोडायच्या ऑपरेशनसाठीची त्यांची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली. म्हणजे काकांच्या वेळी आतड्याच्या पेशंटांसाठी हे कुठंतरी चालू होतं, पण मणक्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. मला याचं वाईट वाटलं, खरंच.

तारखेच्या दोन आठवडे आधी एका शनिवारी हॉस्पिटलात बोलावलं, घरचे एक-दोन जण घेऊन या म्हणाले. मी बायकोला आणि आईला नेलं. आईला न्यायचं मुद्दाम ठरवलं, कारण घरी आल्यावर मला झोपवून ठेवणारी तीच आहे हे मला माहीत होतं. आमच्यासारखे अजून दोन पेशंट होते. फिजिओच्या ताईनं आधी प्रत्येकाला पलंगावरून उठायला शिकवलं. सरळ उठून बसायचं नाही, गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदमच वळवून लाकडाच्या ओंडक्यासारखी कूस घ्यायची, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोरावर उठायचं. सोपं वाटतं, पण मी दहा वेळा चुकलो, कारण आपण कंबरेतून पिळा देऊन उठतो आणि आपल्याला ते कळतही नाही. घरी रोज सकाळ-संध्याकाळ याची प्रॅक्टिस. शिवाय खुर्चीतून हात न लावता उठबस, आणि तीन छोट्या प्लास्टिकच्या चेंडूंचं ते फुंकणीसारखं यंत्र, त्यात हवा ओढायची, म्हणजे नंतर छातीत कफ धरत नाही.

एक दहा प्रश्नांचा फॉर्म पण भरून घेतला. दुखणं किती, आंघोळ-कपडे स्वतः करता का, किती चालता, किती बसता, झोप, प्रवास, नवरा-बायकोचं, सगळं त्यात आहे. माझे ५२ टक्के आले, जितके जास्त तितका त्रास जास्त. बायकोनं तो कागद वाचला आणि घरी येईपर्यंत बोललीच नाही. नंतर म्हणाली, अहो, दोन वर्षं तुम्ही एवढं अंगावर काढलं आणि मला एका शब्दानं नाही सांगितलं. मला काही उत्तर देता आलं नाही.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी ठरलं, दिवाळी करून. आदल्या दिवशी दुपारी भरती. आंघोळीला वेगळा जंतुनाशक साबण दिला, पाठीचे केस घरी ब्लेडनं काढू नका हे आधीच बजावलं होतं. रात्री साडेनऊला वरण-भात खाल्ला. आई सारखी विचारत होती, चालते का रे, ऑपरेशनच्या आदल्या राती भात? मग सिस्टरनी तिला नीट सांगितलं की जड खाणं सहा-आठ तास आधी बंद, पण साधं पाणी, गाळीव असं काही, भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळी साडेपाचला मला पावडर घोळलेलं ४०० मिली गोड पाणी प्यायला दिलं. उपाशी शरीरावर ऑपरेशनचा ताण जास्त पडतो, म्हणून ते देतात. बाजूच्या पलंगावरच्या काकांना शुगर होती, त्यांना ते गोड पाणी नाही दिलं, साधंच दिलं. तेव्हा हे सगळ्यांना सरसकट नसतं, घरी कोणी मनानं ग्लुकोज पिऊन जाऊ नका.

गोड पाण्याबरोबर दोन गोळ्या दिल्या, एक पॅरासिटामॉल आणि एक नसांच्या दुखण्याची. दुखणं सुरू व्हायच्या आधीच दुखण्याचं औषध, हे मी पहिल्यांदाच पाह्यलं. मॅडमनी सांगितलं की दुखण्याला एकाच मोठ्या औषधानं मारायचं म्हटलं तर अफूच्या जातीची इंजेक्शनं भरपूर द्यावी लागतात, त्यानं मळमळ, गुंगी, पोट बंद, मग पेशंट उठणार कसा, म्हणून चार दिशांनी थोडं थोडं. पाठीच्या स्नायूंच्या थरात बधिर करायचं इंजेक्शनही भूल दिल्यावर देणार होते, ते मला कळलं नाही. ऑपरेशन थिएटरात गार होतं पण अंगावर गरम हवेचं पांघरूण होतं. अँटिबायोटिक सुरू केलं, चीर द्यायच्या एक तासाच्या आत ते पडावं लागतं म्हणे. मग रक्त कमी वाहावं म्हणून एक औषध. एवढं आठवतं.

साडेअकराला शुद्ध आली. घसा कोरडा, पाठ जड, पण ज्या दुखण्याची भीती होती ते नव्हतं. दहापैकी किती म्हणून विचारलं, मी चार म्हणालो. आणि डाव्या पोटरीतली आग नव्हती. मी दोनदा पाय हलवून पाह्यला. दीडला घोट-घोट पाणी, साडेतीनला पातळ उपमा, मळमळ अजिबात नाही.

संध्याकाळी सहाला फिजिओची ताई आली, वॉकर घेऊन. काका, चला. मी म्हटलं आज नको, उद्या. ती म्हणाली शनिवारी काय ठरलं होतं? आई दारात उभी होती, तिच्या डोळ्यात पाणी, "काहून वं माय, आजच तर कापलं त्याले, आन् आजच उभं करून राह्यले?" ताईनं आईचा हात धरला आणि तिलाच माझ्या समोर उभं केलं, म्हणाली आजी, तुम्ही इथं थांबा, ते तुमच्यापर्यंत येतील. कूस घेतली, पाय सोडले, दोन मिनिटं कडेवर बसलो, गरगरलं, थांबलो, उठलो. सहा पावलं. आईपर्यंत. काकांना दहा दिवसांनी जे करता आलं नव्हतं ते मी सात तासांत केलं, यात माझं शौर्य काही नाही, ते सहा आठवड्यांचं काम होतं आणि त्या दुखण्याच्या गोळ्यांचं.

लघवीची नळी दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच काढली. चार तास झाले तरी होईना, मी घाबरलो, पुन्हा नळी टाकतात की काय. सिस्टरनी छोट्या सोनोग्राफीसारख्या मशीननं पोटावरून पाह्यलं, किती साठलीय ते, म्हणाल्या वेळ आहे, चालत बाथरूमला जा, नळ सोडा. झाली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण त्या वेळी जगातली तीच एक गोष्ट महत्त्वाची होती, म्हणून लिहितोय. जखमेतलं रक्त बाहेर काढायची ड्रेनची नळी माझ्यात ठेवलीच नव्हती, दोन छोट्या चिरांतून काम केलं होतं म्हणून. मोठं असेल तर ठेवतात.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तीन फेऱ्या झाल्या. जेवण खुर्चीत बसूनच. आणि त्या रात्री मी एक चूक केली. दिवसभर फारसं दुखलं नाही म्हणून रात्री दहाची गोळी मी सिस्टरांसमोर हातात घेतली आणि त्या गेल्यावर उशीखाली ठेवली, एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल असं एका नातेवाइकानं दुपारी भेटायला येऊन सांगितलं होतं. पहाटे तीनला जे दुखायला लागलं, आठ-नऊ, घाम फुटला, पायापासून मानेपर्यंत सगळे स्नायू ताठ. मग इंजेक्शन द्यावं लागलं, त्याची गुंगी, त्याची मळमळ, सकाळची फेरी गेली, दुपारची अर्धीच झाली. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की तुमच्या किडनीचा रिपोर्ट पाहूनच गोळ्या लिहिल्यात, आणि ही गोळी दुखलं की घ्यायची नाही, घड्याळात वाजलं की घ्यायची. माझा एक अख्खा दिवस त्या एका गोळीपायी गेला. भेटायला येणाऱ्या लोकांनी पेशंटला औषधांवर सल्ला देऊ नये, मी हात जोडून सांगतो.

चौथ्या दिवशी दुपारी सुट्टी. त्याआधी एकेक गोष्ट तपासली. जिना चढून-उतरून दाखवा, संडास-बाथरूम स्वतः, जखम कोरडी, ताप नाही, नुसत्या गोळ्यांवर दुखणं आटोक्यात. हे सगळं झालं तेव्हाच कागद बनला. इन्शुरन्सचं मात्र डोकं खाल्लं. कोणती कंपनी ते लिहीत नाही. आधीची फिजिओ, ती शनिवारची शिकवणी, लोहाचं सलाईन, यातलं काही त्यांच्या यादीत बसत नाही म्हणे, ते सगळं खिशातून गेलं. मी दहा दिवस पडून राह्यलो असतो तर त्या दहा दिवसांचं खोलीभाडं त्यांनी मुकाट भरलं असतं, लवकर बरं व्हायला जे लागलं त्याचे पैसे मात्र नाहीत. याचा मला अजून संताप येतो.

धंतोलीवरून घरी येताना मेडिकल चौक, तुकडोजी पुतळा, हा रस्ता मी हजार वेळा गेलोय, पण कोणत्या ब्रेकरवर कंबरेला काय होतं ते त्या दिवशी कळलं. मुलगा वीसच्या स्पीडनं चालवत होता, मागचे हॉर्न वाजवून राह्यले होते. घरी कमोडवर उंची वाढवायचं स्टँड आधीच लावून ठेवलं होतं, रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर, आणि फ्रिजवर तक्ता. सकाळ-दुपार-संध्याकाळ चालायचं, एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही. वाकणं, उचलणं, पिळणं बंद.

पोट चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत साफ नव्हतं, त्यानं पाठीपेक्षा जास्त हैराण केलं. इसबगोल, पपई, आणि काटोलवरून मामानं संत्र्यांची पेटी पाठवली होती, ती रोज तीन-चार. पाणी भरपूर. सहाव्या दिवशी सुटलो. हे मला कोणी आधी जोर देऊन सांगायला पाह्यजे होतं, हॉस्पिटलच्या डायरीत एका ओळीत होतं, ती ओळ मी वाचून सोडून दिली.

पाहुणे मात्र रोज. प्रत्येक जण दारातूनच, अरे, पडून राह्य, उठला कशाले, नस दबली तर? आणि इथं आईनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती पलंगाजवळ खुर्ची टाकून बसायची आणि सगळ्यांना सांगायची, "डॉक्टरनं चालाले सांगतलं हाय, पडून राह्यलं त रक्ताच्या गाठी होतेत पायात. तुमी चाहा घ्या." शनिवारी तिला नेलं नसतं तर याच वाक्याची दुसरी बाजू ती बोलली असती. बायको पावलं लिहायची. पहिल्या दिवशी घरातल्या घरात ६००, दहाव्या दिवशी गल्लीत २०००. हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी आला, जखमेचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवायचा. चौदाव्या दिवशी टाके निघाले.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायात पुन्हा कळ आली. तीच जुनी जागा. त्या रात्री मी झोपलो नाही, मला वाटलं सगळं वाया गेलं. सकाळी फोन केला तर लगेच बोलावलं, पाय उचलून, बोटं ढकलून ताकद पाह्यली, एक्स-रे काढला, स्क्रू जागेवर. सर म्हणाले इतके दिवस दबलेली नस मोकळी झाल्यावर सुजते, कधी कधी चिडते, ताकद कमी झाली किंवा लघवी अडली तर रात्री बारालाही फोन करा, नाहीतर चालत राहा. दहा दिवसांत कमी झाली.

सहाव्या आठवड्यापासून दुकानात बसतो, आधी दोन तास, आता दुपारपर्यंत. बादल्या उचलायला एक पोरगा ठेवलाय. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती कदाचित तशीच राहतील असं सरांनी साफ सांगितलंय. तो दहा प्रश्नांचा फॉर्म तीन महिन्यांनी परत भरला, २४ टक्के आले. हाड पूर्ण जुळायला सहा महिने ते वर्ष, तोपर्यंत खर्रा नाही, आणि त्यानंतरही नाही असं मी ठरवलंय. अजूनही चहानंतर तोंडात पाणी येतं.

मला एक गोष्ट सारखी वाटते. गोड पाणी, वेळेवर गोळी, फोन करणारी सिस्टर, शनिवारचे दोन तास, यात कोणतं मोठं मशीन लागतं? काकांसारखे कितीतरी लोक अजून पडून असतील आणि त्यांच्या घरचे त्यांना प्रेमानंच उठू देत नसतील. तुमच्याकडे कोणाचं ऑपरेशन ठरत असेल तर सर्जनला विचारा, हे करता का, आणि आमच्या पेशंटला यातलं काय चालेल. सगळ्यांना सगळं चालत नाही. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्या शिकवणीला घेऊन जा.

काका ऐंशीच्या वर आहेत आता. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, गाडी कोपऱ्यावर लावून चालत. ते ओट्यावर बसले होते, मी पूर्ण गल्ली न बसता आलो ते त्यांनी पाह्यलं. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. मग विचारलं, "तुले पहिल्याच दिवशी उठवलं म्हणतेत, खरं हाय?" मी हो म्हटलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मला जवळ बसवून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.